कीर्तनाला गेलेली शब्दचाळणी

मित्रांनो, मी एक म्हातारी चाळणी आहे. स्वयंपाकघरातल्या चाळणीशी माझं नातं लांबचं. ती पत्र्याची, मी 'सी' नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेली. ती पिठातला कोंडा काढते, मी वाक्यातले नको असलेले शब्द काढते. तिच्या भोकांचं माप एकदा ठरलं की ठरलं. मला मात्र कोंडा कोणता हे दर वेळी कोणीतरी सांगावं लागतं. माझ्या आयुष्यात जो काही घोळ झाला तो ह्या 'कोणीतरी'मुळे!

आधी माझं काम ऐका. माझ्याकडे वाक्य येतं ते माळेसारखं, एकामागून एक अक्षर ओवलेलं आणि शेवटी गाठीच्या जागी एक शून्य. मोकळी जागा दिसली की मी माळ तिथे कापते. कापलेल्या तुकड्याला टोकन म्हणतात. तो तुकडा मी माझ्या नको-यादीशी ताडून बघते. यादीत असला तर गाळते, नसला तर पुढे धाडते. शून्य आलं की थांबते. एवढंच! पण एवढंच नीट जमायला मला बरेच टक्केटोणपे खावे लागले.

मला घडवलं श्रीपाद वर्तक ह्यांनी. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाच्या आसपास एका कार्यालयात ते नोकरीला होते. तिथे लोकांचे अर्ज येत. 'महोदय, सविनय सादर विनंती की, आपल्यासारख्या थोरांच्या कृपेने' अशी सुरुवात व्हायची आणि मूळ काम कुठेतरी शेवटी, सहीच्या वर अंग चोरून बसलेलं असायचं. श्रीपादरावांना लांबण मुळीच सोसत नसे. त्यांनी 'महोदय', 'सविनय', 'सादर', 'कृपया' ह्या मंडळींची नको-यादी केली आणि मला कामाला लावलं.

जन्मल्या जन्मल्या मी नापास झाले. झालं असं, की माझ्या यादीतला 'महोदय' संगणकाच्या एका घरात राहायचा आणि अर्जातून आलेला 'महोदय' दुसऱ्या घरात. श्रीपादरावांनी मला चेहरा बघायला सांगायच्या ऐवजी घराचा पत्ता बघायला सांगितलं! पत्ता वेगळा म्हणजे माणूसही वेगळा, असं समजून मी झाडून सगळ्या महोदयांना सलाम ठोकून आत सोडलं.

ती चूक दुरुस्त झाली, तर दुसरी उभी राहिली. मी माळ कापते ती मोकळ्या जागी शून्य ठेवून. श्रीपादरावांनी अर्जाची प्रत काढायच्या आधी मूळ अर्जच माझ्या स्वाधीन केला. मी इमानाने कापला. मग साहेबांनी मूळ अर्ज उघडला, तर पहिल्या शब्दानंतर शून्य, म्हणजे संगणकाच्या लेखी अर्ज तिथेच संपलेला.

"वर्तक," साहेब म्हणाले, "हा माणूस नुसतं 'महोदय' म्हणून निघून का गेला?"

त्या दिवसापासून आधी प्रत, मग कात्री, हा नियम माझ्या पहिल्याच ओळीत बसला. पुढे मात्र माझे दिवस आले. साहेब चहा पिता पिता म्हणाले, "चार पानांचा अर्ज चार शब्दांत? कमाल आहे यार, वर्तक!" मी फुगले. श्रीपादराव माझ्याहून जास्त फुगले.

मग नवी यंत्रणा आली आणि मला कोणी विचारेना. श्रीपादराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला घरच्या संगणकावर आणून 'जुने' नावाच्या कप्प्यात ठेवलं. तिथे माझ्या शेजारी कुठल्याशा सहलीचे फोटो होते. फोटो काही बोलत नाहीत. वर्षं गेली. मित्रांनो, गंज फक्त लोखंडालाच चढतो असं नाही बरं!

मला पुन्हा उठवलं लुंबिनी रामटेकेने. मयूर विहारमध्ये श्रीपादरावांच्या वरच्या मजल्यावर ती तिच्या आईबरोबर राहते. माणसं मूळची भंडाऱ्याची, पण लुंबिनी दिल्लीतच वाढली, नोएडात प्रोग्राम लिहायची नोकरी करते. तिच्या लॅपटॉपवर एक नवा कोरा प्रोग्राम आहे, त्याला ती 'कान' म्हणते. आजूबाजूचं बोलणं ऐकून तो त्याचे शब्द करतो. शब्द नसलेला आवाज आला तर कंसात नाव लिहितो: (खोकला), (हशा), (कुकरची शिट्टी). कानाने लिहिलेलं सगळं आता माझ्याकडून गाळून पडद्यावर जातं. मला डोळे नाहीत. कानाने जे धाडलं तेवढंच मला कळतं. पण गाळलेलंही कळतं, आणि ते माझ्याशिवाय कोणालाच कळत नाही. पुढची सगळी हकिगत मी तशीच गोळा केलेली आहे.

हा खटाटोप होता चंदाकाकूंसाठी. चंदाकाकू म्हणजे श्रीपादरावांची बायको. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण! मयूर विहारच्या छोट्या सभागृहात मराठी मंडळी कीर्तन ठेवत, तेव्हा पहिल्या रांगेत, बुवांच्या अगदी समोर, चंदाकाकू. बुवांनी एक ओळ टाकली की पुढची ह्यांच्या ओठांवर. पण अलीकडे त्यांचे कान गेले. कानात यंत्र घातलं तर टाळ-मृदंगाचा नुसता गलबला व्हायचा आणि शब्द त्यात बुडून जायचे. गेल्या खेपेला बुवा भक्ताच्या मरणाचं सांगत होते आणि कोणाचं तरी रडणं हसणं समजून ह्या एकट्याच खळखळून हसल्या. तेव्हापासून जाणं बंद.

श्रीपादराव शेजारी बसून सांगायचे, नाही असं नाही. पण त्यांची सांगायची तऱ्हा ही अशी. तासभर आख्यान रंगायचं, लोक डोळे पुसायचे, आणि श्रीपादराव बायकोच्या कानाशी ओरडून म्हणायचे, "थोडक्यात, देव आला, जेवला, गेला!"

ह्या जानेवारीत पानिपतला काला अंब ह्या युद्धस्मारकावरच्या कार्यक्रमासाठी काशीनाथबुवा दिल्लीकडे आले होते. परतीच्या वाटेवर मयूर विहारमध्ये त्यांची दोन संध्याकाळी कीर्तनं ठरली. चंदाकाकूंना काशीनाथबुवा म्हणजे माहेरचा माणूस भेटल्यासारखं. लुंबिनी वायफाय बघायला खाली आली होती, तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "ह्या वेळी जमलं तर जमलं गं. नाहीतर मी कीर्तन सोडलं. समोर बसून भिंतीसारखं बघत राहायचं, हा बुवांचा अपमान आहे."

लुंबिनी म्हणाली, "काकू, तुम्ही बिल्कुल टेन्शन घेऊ नका. बुवा बोलतील ते तुमच्यासमोर पडद्यावर येईल. फक्त कान खूप कचरा लिहितो यार, तो गाळायला काहीतरी छोटं आणि फास्ट पाहिजे."

श्रीपादराव ताठ होऊन म्हणाले, "माझ्याकडे आहे."

अशी मी 'जुने'मधून बाहेर आले. लुंबिनीने मला लॅपटॉपवर घेतलं आणि श्रीपादरावांनी आपल्या हाताने नवी नको-यादी घातली. (टाळ), (मृदंग), (हशा), (टाळ्या), (खोकला). मग 'बरं का', 'अहो', 'म्हणजे'. आणि वर एक नियम: आत्ताच येऊन गेलेला शब्द लगेच परत आला, तर तो गाळायचा.

"कीर्तनात रिपीट खूप असतं का, काका?" लुंबिनीने कधी कीर्तन ऐकलेलं नव्हतं.

"अर्ध्याहून जास्त," श्रीपादराव म्हणाले. "सगळं एकदाच म्हणाले तर बुवा वेळेत घरी जातील."

पहिल्या संध्याकाळी मी जीव तोडून काम केलं. कानाकडून धो धो येत होतं: विठ्ठल विठ्ठल विठ्ठल (टाळ) विठ्ठल (मृदंग) विठ्ठल (टाळ्या) विठ्ठल. मी पहिला विठ्ठल पुढे धाडला आणि बाकीचे सगळे गाळले. मित्रांनो, खरं सांगते, तो गाळलेला ढीग बघून माझाच जीव गलबलला. पण नियम तो नियम. मग बुवा म्हणाले, "अहो, इथली मेट्रो तुम्हाला सांगते, दरवाजापासून लांब उभे राहा. बरं का मंडळी, देवाचं नेमकं उलटं आहे. तो म्हणतो, अरे, निदान दरवाजापर्यंत तरी ये!" त्यावर (हशा) आला, मोठा आला, परत आला. मी सगळा गाळला.

कीर्तन संपल्यावर लुंबिनीने उत्साहाने विचारलं, "कसं वाटलं, काकू?"

चंदाकाकू म्हणाल्या, "छान केलंस हो. सगळं कळलं. पडद्यावर 'विठ्ठल' आलं आणि मग पडदा रिकामा. मी बघतेय तर सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची तोंडं हलतायत. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मी लॅपटॉपवर दोनदा चापट मारली."

"ती चापट होती?" लुंबिनी म्हणाली. "कानाने तिला (मृदंग) लिहिलं होतं!"

"नंतर मेट्रोचं वाचलं. मला वाटलं, रेल्वेची सूचना आहे. सगळे हसून गप्प झाल्यावर मला कळलं, की हसायचं होतं." मग त्यांचा आवाज खाली आला, कारण कानाने पुढचं तुटक लिहिलं. "अगं, हे कीर्तन नव्हे. हे बैठकीचं इतिवृत्त झालं. घरी एक इतिवृत्तवाले आहेत तेवढे पुरे. उद्या तू आणि हे जाऊन या. मी नाही येत."

"थोडक्यात, तिला आवडलं नाही," श्रीपादराव म्हणाले.

"कळलं, काका," लुंबिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनी आपल्या घरी ओट्याजवळ लॅपटॉप उघडून माझ्यात चूक शोधत बसली. चूक सापडेना. सापडेल कशी? मी सांगितलं तसंच केलं होतं. कान चालूच होता, त्यामुळे घरातलं सगळं माझ्याकडे येत होतं. तिची आई समताताई रोजच्यासारखी बुद्धवंदना म्हणत होत्या. त्यांच्याकडे सरणाचे, म्हणजे बुद्धाला शरण जायचे, शब्द तीनदा म्हणायचे असतात. दुसऱ्या वेळी आधी 'दुतियम्पि' म्हणतात, तिसऱ्या वेळी 'ततियम्पि'. पहिल्या वेळचे शब्द मी पुढे धाडले. दुसऱ्या वेळी तेच शब्द आले, म्हणून गाळले. तिसऱ्या वेळीही गाळले. पडद्यावर त्यांच्याखाली राहिलं फक्त 'दुतियम्पि. ततियम्पि.'

समताताई वंदना संपवून पडद्याकडे वळल्या. "हे काय गं? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काय दुसऱ्यांदा? सरण कुठे गेलं?"

"आई, ते एकदा आलं ना वर. रिपीट कशाला?"

"एकदा आलं म्हणून झालं का?" (कुकरची शिट्टी) "पहिल्यांदा म्हणते तेव्हा माझं अर्धं लक्ष दुधाकडे असतं. दुसऱ्यांदा म्हणते तेव्हा तू डबा नेलास की नाही, हे डोक्यात असतं. तिसऱ्यांदा कुठे मन जागेवर येतं. आणि तुझं मशीन नेमकं तेच फेकून देतंय?"

मग लुंबिनीची खुर्ची सरकल्याचा आवाज कानाने (खरखर) म्हणून लिहिला, आणि जिन्यात पावलं.

खाली श्रीपादराव पेपर वाचत होते आणि चंदाकाकू वाटाणे सोलत होत्या. हे मला नंतरच्या बोलण्यावरून कळलं. लुंबिनीने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. तिचं बोलणं पडद्यावर उमटत होतं, काकू वाचून उत्तर देत होत्या.

"काकू, चूक आमची झाली. ऐकायचं तुम्हाला होतं, आणि नको-यादी मी आणि काकांनीच केली. आता तुम्ही सांगा. रिपीट ठेवू?"

"ठेव. जितक्यांदा बुवा म्हणतील तितक्यांदा ठेव."

"(टाळ)?"

"ठेव."

"(हशा)?"

"अगं, तो तर आधी ठेव! त्याशिवाय मी हसू कधी?"

"'बरं का'?"

"बुवा 'बरं का' म्हणाले, की पुढे काहीतरी गोड येणार असतं. मला सावरून बसायला नको का?"

"(खोकला)?"

चंदाकाकूंनी विचार केला. "तोही असू दे. सभागृहात बसल्यासारखं वाटेल."

श्रीपादरावांनी पेपर खाली टाकला. "मग चाळणीने करायचं काय? उपास?"

"एक गोष्ट गाळायची आहे," चंदाकाकू म्हणाल्या. "हे मधे मधे माझ्याकडे वाकून 'थोडक्यात' म्हणतात ना, ते. माईक ह्यांच्याजवळच असतो, सगळं येतं त्यात. 'थोडक्यात' पासून पूर्णविरामापर्यंत सगळं गाळ."

कान इतका गोंधळला, की त्याने एकाच वेळी (हशा) आणि (खोकला) लिहिलं. हशा लुंबिनीचा असणार.

खोकला श्रीपादरावांचा. मला वाटलं, आता मला परत 'जुने'मध्ये जावं लागणार. पण ते म्हणाले, "लुंबिनी, दे इकडे तो लॅपटॉप. तू नियम काढशील, पण हिची टोपली बघितलीस का?"

मित्रांनो, इथे 'सी' भाषेची एक गोम सांगते. पूर्णविराम येईपर्यंतचं वाक्य मी ज्या जागेत साठवते ती माझी टोपली. तिचं माप आधीच ठरवावं लागतं. टोपली भरली तर दुसरी एखादी भाषा हात धरून थांबवते, 'सी' थांबवत नाही. शब्द कडेवरून सांडतात, शेजारच्या घरात घुसतात आणि सगळा प्रोग्राम आडवा होतो. माझी टोपली सरकारी अर्जातल्या वाक्याच्या मापाची होती. आणि नामगजरात पूर्णविराम येतो कुठे? आता काही गाळायचंच नाही म्हटल्यावर बुवांचा पहिलाच गजर मला भर सभागृहात आडवी करणार होता.

"बाप रे, हे माझ्या लक्षातच नाही आलं," लुंबिनी म्हणाली. "किती मोठी करू या?"

"माप धरूच नको," श्रीपादराव म्हणाले. "टोपली भरत आली, की आहे तेवढं पडद्यावर ओतून टाकायचं आणि पुन्हा भरायला घ्यायचं. बुवा थांबेपर्यंत. मी लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं आखूड करणारा हा गृहस्थ, बायकोला लांबच लांब ऐकता यावं म्हणून माझ्यात ओळी घालत बसला. मधे एकदा चंदाकाकू म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय." ते म्हणाले, "होऊ दे."

चंदाकाकूंनी वाटाणे बाजूला ठेवले. "साडी कुठली नेसू?" त्यांनी लुंबिनीला विचारलं.

संध्याकाळी सभागृहात पहिल्या रांगेत, बुवांच्या अगदी समोर, माझ्या नव्या मालकीणबाई, चंदाकाकू, बसल्या. एका बाजूला श्रीपादराव, दुसऱ्या बाजूला लुंबिनी, आणि आज लुंबिनीशेजारी समताताईसुद्धा. गजर सुरू झाला. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल (टाळ) विठ्ठल विठ्ठल (मृदंग) विठ्ठल. टोपली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. शब्द मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मोजले नाहीत. मी नुसती वाट करून देत होते. अशा पूर्णविराम नसलेल्या नावात मी कधी न्हाले नव्हते, आणि आजही त्याची आठवण आली की मी मेणासारखी मऊ होते. मग त्या सगळ्या आवाजांत माईकच्या अगदी जवळचा एक आवाज आला, जाड, जरासा बेसूर, बाकीच्यांच्या किंचित मागे: विठ्ठल. विठ्ठल. चंदाकाकू पडद्यावर वाचून गात होत्या.

बुवा म्हणाले, "बरं का मंडळी," आणि माईकजवळ बांगड्या वाजल्या. कोणीतरी सावरून बसलं होतं. बुवांनी घरात देव येणार म्हणून सगळं घर घासूनपुसून काढणाऱ्या आणि शेवटी देवालाच पायपुसण्यावर उभं ठेवणाऱ्या बाईची गोष्ट लावली. (हशा) आला, आणि त्यातच चंदाकाकूंचा हशा, सगळ्यांच्या बरोबर, ना मागे ना पुढे. समताताई म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या मावशीचीच गोष्ट!" मीही गहिवरले असते, पण तेवढ्यात श्रीपादराव सवयीने वाकले आणि म्हणाले, "थोडक्यात, बाई स्वच्छतेच्या" आणि मी तत्परतेने गाळलं. त्या अख्ख्या कीर्तनात मी एवढंच गाळलं.

कीर्तन आटोपलं. लॅपटॉप मिटायचा राहून गेला, म्हणून परतीच्या वाटेवरचं बोलणंही माझ्यापर्यंत आलं. (हॉर्न) (हॉर्न) "अहो, त्या बाईने आधी काय केलं माहितीये का," चंदाकाकू म्हणत होत्या.

"अगं, मीही तिथेच होतो."

"होतात हो. पण तुम्ही थोडक्यात ऐकत होतात."

(हॉर्न) (हॉर्न) मग श्रीपादराव जोरात म्हणाले, पडद्याशिवाय ऐकू जावं इतक्या जोरात, "बरं, सांग. पहिल्यापासून सांग."

चंदाकाकूंनी पहिल्यापासून सांगितलं. उंबरठ्यापासून, बाईच्या हातातल्या फडक्यापासून, बुवांनी मधे घेतलेल्या तानेसकट. श्रीपादरावांनी मधे फक्त "हं" म्हटलं, आणि 'हं' माझ्या यादीत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या चाळण्या आता तुमच्या फोनमध्ये आहेत, संगणकात आहेत, सगळीकडे आहेत. आम्हांला स्वतःची अक्कल नाही. तुम्ही नको म्हणाल ते आम्ही गाळतो, आणि गाळलेलं कुठे गेलं हे पुन्हा कोणी विचारत नाही. म्हणून म्हातारीचं एवढं ऐका. नको-यादी लिहायला बसलात, की ज्याच्यासाठी गाळायचं आहे त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा. त्याला सांगायला वेळ लागला तर लागू द्या. मूळ वाक्याची प्रत आधी काढा. टोपली रिकामी करत राहा. आणि घरात कोणी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागलं, तर ती तिसरी खेप ऐकून घ्या.